रॅपुन्झेलची भाजी

गेल्या पावसाळ्यात मी एकाच गोष्टीचे सहा खर्डे केले. गोष्ट माझी नव्हे. दार नसलेल्या मनोऱ्यात कोंडलेल्या, लांब केसांच्या मुलीची ती जुनी जर्मन गोष्ट, रॅपुन्झेल म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली.

आमचं गाव मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठाला. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात आणि दुपारी माणसं घरात सापडतात. त्या दिवसांत दर शनिवारी मी वाचनालयाच्या पडवीत मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मुलं बारा-पंधरा. त्यांच्या मागे भिंतीला टेकून काहींच्या आया-आज्या बसतात, मांडीवर फाटलेलं जाळं घेऊन. त्या ऐकायला म्हणून आलेल्या नसतात, पण एक शब्द सोडत नाहीत.

वाचनालयात रॅपुन्झेलचं एक पातळ रंगीत पुस्तक होतं. चेटकीण वाईट, राजपुत्र चांगला, शेवटी लग्न. वाचायला सहा मिनिटं लागली. मुलांना सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मग मागून एका काकींनी जाळ्यातून मान वर न काढता विचारलं, "मगे तेच्या आवशी-बापाशीचा काय झाला?"

पुस्तकात त्याबद्दल काहीच नव्हतं. पुढच्या शनिवारी सांगते, असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि मूळ गोष्ट शोधायला लागले.

ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यांच्या हयातीतली शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ सालची. दोन्हींची इंग्रजी भाषांतरं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. गोष्ट मनोऱ्यापासून सुरूच होत नाही. सुरू होते ती डोहाळ्यापासून. एका जोडप्याला पुष्कळ वर्षं मूल नसतं. शेवटी बाईला दिवस जातात. मागच्या खिडकीतून तिला शेजारणीच्या बागेत रॅपुन्झेल नावाची हिरवीगार भाजी दिसते आणि तिचा जीव त्या भाजीत अडकतो. ती झुरते, फिकी पडते. नवरा तिन्हीसांजेला भिंतीवरून उतरून मूठभर भाजी चोरून आणतो. दुसऱ्या दिवशी तिला तिप्पट हवीशी वाटते. तो पुन्हा जातो आणि पकडला जातो. शेजारीण म्हणते, हवी तेवढी ने, पण होईल ते मूल मला द्यायचं. भीतीपोटी तो हो म्हणतो. मूल जन्मतं, ती येते, नाव ठेवते, घेऊन जाते.

त्या वाक्यानंतर आई-बाप गोष्टीतून नाहीसे होतात. शेवटपर्यंत त्यांचा उल्लेख नाही. काकींनी नेमकं भोक दाखवलं होतं.

ते भोक बुजवायचं सोडून मी मात्र पहिल्या खर्ड्यात भलतंच करत बसले. आजच्या मुलांसाठी सांगायची म्हणजे आजची करायची, असं डोक्यात होतं. मनोऱ्याच्या जागी दीपगृह आणलं. मुलीच्या हातात मोबाइल दिला. ती स्वतःचे केस कापते, खांबाला बांधते, उतरून चालू लागते, राजपुत्राची गरजच नाही. लिहिताना मला ते फार पटलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "मगे ती आधीच कित्याक नाय उतारली?"

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीला धीट करायच्या नादात मी कोंडवाडाच काढून टाकला होता. दार नसलेल्या घरातून धीटपणाने बाहेर पडता येत नाही, त्याला शिडी लागते, आणि शिडीचं काय करायचं याचा मी विचारच केला नव्हता. शिवाय दीपगृह हे लांबून दिसावं म्हणून बांधतात, आणि ही मुलगी तर कुणाला दिसू नये म्हणून ठेवलेली. तो खर्डा मी बाजूला ठेवला. त्यातलं एक वाक्यही पुढे वापरलं नाही.

दुसऱ्या खर्ड्याआधी मी या गोष्टीचा माग मागे मागे काढत गेले, आणि तिथे मला या सगळ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट सापडली. ग्रिमच्या आधी ही गोष्ट इटलीत होती. नेपल्सच्या जाम्बातिस्ता बासिलेचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यात ही मुलगी पेट्रोसिनेला, कारण तिच्या आईला डोहाळे लागतात ते पार्सलीचे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी द ला फोर्स या लेखिकेने ती लिहिली, तिथेही भाजी पार्सलीच आणि मुलगी पर्सिनेत. मग १७९० साली फ्रिड्रिश शुल्त्सने ती जर्मनमध्ये आणली आणि पार्सली काढून आपल्याकडची रॅपुन्झेल घातली. ग्रिमांनी घेतली ती त्याची गोष्ट. म्हणजे आपण ज्याला मूळ नाव समजतो, तीसुद्धा कुणीतरी बदललेली भाजी आहे. डोहाळा तसाच राहिला, चोरी तशीच राहिली, मूल तसंच दिलं गेलं, भाजी मात्र सांगणाऱ्याच्या परसातली आली.

मग आमच्या परसातली कुठली?

लाल माठ नको, तो बारा महिने मिळतो आणि बारा महिने मिळणाऱ्या भाजीसाठी कुणी गडगा ओलांडत नाही. टाकळा रस्त्याच्या कडेलाच उगवतो. अळूसाठी झुरावं असं काही नाही. त्याच आठवड्यात मी त्या काकींच्या घरी गेले तर त्या भारंगी निवडत बसल्या होत्या. पहिल्या पावसानंतर फुटलेली कोवळी पानं. ही भाजी कडू. उकडून पाणी ओतून टाकायचं, पिळून घ्यायची, मग कांदा, मिरची, वरून ओलं खोबरं. थोडा कडवटपणा तरीही राहतोच, आणि ज्यांना ती आवडते त्यांना तो कडवटपणाच आवडतो. चार आठवडे मिळते, मग पानं जून होतात. मी पाटावर बसल्या बसल्या मोठ्याने म्हटलं, "भारंगी." मुलीचं नाव म्हणूनसुद्धा ते कानाला गोड लागलं.

काकींना मी मूळ गोष्ट सांगितली. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकली. बापाने कबूल केलं, इथपर्यंत आले तेव्हा त्या थांबल्या. "आणि आवस?"

मी म्हटलं, आईला विचारल्याचं गोष्टीत नाही.

"पोर देताना आवशीक कोण इचारता गो?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. चार वर्षांची असताना तिला मुंबईच्या मूलबाळ नसलेल्या नातेवाइकांकडे दिलं होतं. वाईट कुणाचंच नव्हतं. त्यांनी तिला शिकवलं, सांभाळलं, प्रेमाने वाढवलं. पण आई पुढे कित्येक वर्षं रात्री ताट वाढताना एक पान जास्त मांडायची. हे मी गोष्टीत घेतलं नाही, कारण ते त्यांचं आहे. इथेही त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. पण त्या दुपारी मला कळलं की माझ्या गोष्टीचा काटा कुठे आहे.

तिसऱ्या खर्ड्यात म्हणून मी बाप घरी येऊन काहीच बोलत नाही असं केलं. तो भाजी आणत राहतो. बाई खात राहते आणि तिला वाटतं, नवरा किती करतो माझ्यासाठी. करार तिला कळतो तो थेट बारशाच्या दिवशी. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या, आत्या कानात 'कुर्र' करायला वाकलेली, आणि तेवढ्यात दारातून शेजारीण आत येते, आत्याच्या जागी उभी राहते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणते, "भारंगी." ग्रिमच्या गोष्टीतही नाव तीच ठेवते. मी फक्त ते नाव आमच्याकडे ज्या क्षणी ठेवतात त्या क्षणी नेऊन ठेवलं. हा भाग वाचताना पडवीत जाळ्याच्या सुया थांबल्या. मला वाटतं, या एका प्रसंगासाठी सहाही खर्डे केले असते तरी चाललं असतं.

शेजारणीला काय म्हणायचं, यावर मी बरेच दिवस अडले होते. 'चेटकीण' लिहायला हात धजेना. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवून तो शब्द खरोखर उच्चारला जातो, त्यापायी बायकांना मारहाण होते, आणि असल्या प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. मुलांच्या तोंडी मी तो शब्द देणार नव्हते. पहिल्या आवृत्तीत ग्रिमांनी तिला परीच म्हटलंय, जादूगारीण ती पुढे झाली. मुलगी तिला 'फ्राऊ गोथेल' म्हणते, आणि गोथेल हा तिकडच्या बोलीत धर्ममातेसाठीचा शब्द आहे. म्हणजे मुलीच्या तोंडी तरी ते नातं मायेचं आहे. माझ्या भारंगीने तिला 'आजये' अशी हाक मारली. हाक बदलल्याबरोबर म्हातारी बदलली. ती आता मुलीचे केस विंचरते, नारळाचं तेल चोळते, आणि ही जगात गेली तर हिला कुणीतरी नेईल या भीतीने शिडी काढून घेते. भीती कमी झाली नाही. उलट वाढली, कारण आपल्या माणसाने कोंडलं तर ओरडायचं कुणाकडे?

मनोरा सापडायला वेळ लागला, खरं तर तो रोज डोळ्यांसमोर होता. आमच्या वाडीत निम्मी घरं बंद. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मग पुन्हा कुलूप. अशाच एका चिरेबंदी घराचा माळा मी घेतला. घर घाटीच्या टोकाला, पुढे कुलूप, आत शिडी नाही, आणि माळ्याची खिडकी मागच्या दरडीवर उघडणारी. ग्रिमच्या गोष्टीत केस खिडकीतून वीस एल खाली पडतात. एल हे जुनं कापडाचं माप, आपल्या हातासारखंच. मी 'वीस हात' लिहिलं. काहींनी सुचवलं की एवढे केस खोटे वाटतात, कमी कर. मी केले नाहीत. मुलांनी वीस हातांवर कधीच शंका घेतली नाही.

शंका त्यांनी दुसरीकडे घेतली. राजपुत्र आमच्याकडे कुठून आणायचा म्हणून मी माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा मुलगा केला होता. तो केसांना धरून वर चढतो एवढं वाचलं मात्र, सहावीतली एक मुलगी उठून उभीच राहिली. "माडार चढणारो झिल तो. तेका केस कित्याक होये? आणि केस ओढल्यार तिका दुखाक नाय?"

बरोबर होतं तिचं. मी मूळ गोष्ट पुन्हा उघडली आणि तिथे उत्तर आयतं होतं, सगळे विसरतात असं. रॅपुन्झेल स्वतः राजपुत्राला सांगते की येताना दर वेळी रेशमाची एक लड आण, मी त्याची शिडी विणते, पुरी झाली की उतरते. म्हणजे सुटकेची युक्ती तिची. ती बसून वाट बघत नव्हती, विणत होती. चित्रांच्या पुस्तकातून नेमकं तेच गळालं होतं, आणि मी मात्र मोबाइल देऊन तिला धीट करायला निघाले होते.

रेशीम आमच्याकडे नाही, काथ्या आहे. पाडेल्याचा मुलगा दर वेळी कमरेला काथ्याचा एक पेळू बांधून येतो, आणि भारंगी तो वळते. हे लिहायचं तर आधी करून बघितलं पाहिजे म्हणून मी शेजारच्या आजोबांकडून सुंभ वळायला शिकले. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात काही महिने कुजवतात, मग ठोकून तंतू मोकळे करतात. दोन पदर तळहातांत धरून घासायचे, दोघांना एकाच दिशेला पीळ द्यायचा, आणि ते एकमेकांवर उलट्या दिशेने आपोआप बसतात. पहिल्या दिवशी मला दोन हात सुंभ जमला आणि तळहात लाल झाले. वीस हातांची, माणसाचं वजन पेलणारी शिडी म्हणजे किती दिवस, हे माझ्या हातांना कळलं. तेव्हापासून गोष्टीत तिचे तळहात आले. म्हातारी एकदा विचारते, "हात असे खरखरीत कशाने झाले गो?" आणि तिथे सगळं उघडं पडतं.

मूळ गोष्टीत बिंग फुटतं ते वेगळ्या प्रकारे, आणि त्यावर मला फार विचार करावा लागला. १८१२च्या आवृत्तीत मुलगी भाबडेपणाने विचारते, माझे कपडे मला घट्ट का होऊ लागले? म्हणजे तिला दिवस गेलेत. लोकांनी नाकं मुरडली, मुलांच्या पुस्तकात हे कसलं, म्हणून विल्हेल्म ग्रिमने ते बदललं. शेवटच्या आवृत्तीत ती विचारते की राजपुत्रापेक्षा तू ओढायला जड का? जुळी मुलं मात्र शेवटी तशीच राहिली. आज आपण ज्याला 'नव्या वाचकांसाठी' म्हणतो, ते काम त्या भावांनी स्वतःच्याच पुस्तकावर पुन्हा पुन्हा केलं. मला त्यातून धीर आला. मुलांच्या शनिवारी मी तळहातांचं वाक्य ठेवते. पण बायकांच्या बैठकीत, मुलं नसताना, मी कपड्यांचं वाक्य वाचलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग एकदम हसू फुटलं, आणि मग एकीने डोळे पुसले. डोहाळ्यापासून सुरू झालेली गोष्ट तिथे पुन्हा डोहाळ्यापाशी येते, हे त्यांना न सांगता कळलं. एक बदल मात्र मी दोन्हीकडे केला. ग्रिमांनी मुलीला बाराव्या वर्षी कोंडलंय, आणि राजपुत्र 'काही वर्षांनी' येतो. मी तिथे तिचं वय वीस असं स्पष्ट लिहिलं. ते मोघम ठेवणं मला आजच्या दिवसांत मान्य नाही.

पाचव्या खर्ड्याच्या वेळी मला गोष्ट हातातून निसटते आहे असं वाटू लागलं. इतकं बदललंय की ती अजून तीच आहे का? तेव्हा मी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. तिथले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगतात. सुटी चित्रं एकापुढे एक धरून, वीणा आणि हुडुक वाजवत रामायण-महाभारतातले प्रसंग सांगायचे. परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांचा क्रम ठरलेला असतो, बोलणं मात्र समोर कोण बसलंय त्याप्रमाणे वाहतं. घरी आल्यावर मी आठ कोरे कागद घेतले आणि माझ्या गोष्टीतली न हलणारी आठ चित्रं लिहिली. खिडकीतली बाई. गडग्यावरचा बाप. पाळणा. माळा. केस. दोर. काटे. आसवं. ही आठ आहेत तोवर गोष्ट तीच आहे. बाकी सगळं माझं.

काट्यांवरून एका बालमासिकाशी माझं जमलं नाही. मूळ गोष्टीत राजपुत्र वरून उडी टाकतो, काटे डोळ्यांत जातात, तो आंधळा होऊन वर्षानुवर्षं भटकतो, आणि शेवटी तिची आसवं डोळ्यांत पडल्यावर त्याला दिसू लागतं. माझ्या गोष्टीत तो दरडीखालच्या करवंदीच्या जाळीत पडतो. संपादकांनी कळवलं की आंधळेपण काढा, मुलं घाबरतील. मी नम्रपणे नाही कळवलं आणि गोष्ट परत घेतली. डोळे गेलेच नाहीत तर आसवांनी करायचं काय? आणि करवंदीची जाळी आमच्या प्रत्येक मुलाच्या ओळखीची. त्यात हात घातल्याशिवाय करवंद मिळत नाही, हे त्यांना मेमध्येच कळलेलं असतं.

राहिले आई-बाप. ग्रिमांची रॅपुन्झेल राजपुत्राच्या राज्यात जाते. माझी भारंगी दोन पोरांना घेऊन, पहिल्या पावसात, तरीतून खाडी ओलांडून आपल्या गावात येते. त्या गडग्यापाशी एक म्हातारी बाई उभी असते. पलीकडे भारंगी फुटलेली आहे, पण वीस-बावीस वर्षांत तिने त्या भाजीला हात लावलेला नाही. ती विचारते, "तू खयच्या गो?" मुलगी नाव सांगते. म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघते आणि म्हणते, "ह्या नाव मी ठेवूक नाय."

सहाव्या खर्ड्यात मी गोष्ट तिथे थांबवली होती. मला वाटलं, यापुढे शब्द नकोत. वाचून संपल्यावर मुलं माझ्याकडे बघत राहिली. काकींनी जाळं बाजूला ठेवलं आणि थोड्या रागानेच म्हणाल्या, "अगो, पावसातसून इलीत ती. आधी तेंका जेवक वाढ. बोलतली मगे." सातवा खर्डा त्यासाठी. चुलीवर काय आहे, ते मला अजून ठरवायचं आहे.

परवा वाचनालयातून निघताना पाऊस होता म्हणून पडवीत थांबले. ती सहावीतली मुलगी आपल्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होती. खिडकी, गडगा, पाळणा, सगळं जागच्या जागी. पण भावाला भारंगी अजिबात आवडत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने शेजारणीच्या वईवर फागलाचा, म्हणजे करटोलीचा, वेल चढवला होता.

"मगे त्या बाईन येवन चेडवाचा नाव काय ठेवल्यान?" भावाने विचारलं.

"फागला," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.